‘बधाई हो’ पाहून हसलो, मग शेजारणीला हसलो तर काय बिघडलं?

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या बायांनी माझ्या घरी ‘बधाई हो’ पाहिला. मोठा मुलगा लग्नाच्या वयाचा आणि आईला दिवस गेलेले. पोट धरून हसलो. आता आमच्याच गल्लीत 42 वर्षांची एक बाई गरोदर आहे, तिच्या मुलीचं साक्षगंध झालंय. धानाच्या रोवण्यासाठी बांधीत उतरलो की तिचीच थट्टा सुरू होते. मी थांबवलं तर म्हणतात, “टीव्हीपुढं हासली ना, मग आता कायले रागावतं?” काय उत्तर देऊ?
– एक भगिनी, नागभीड तालुका

उत्तर : ताई, त्यांना सांगा, सिनेमात आपण त्या आईला हसलोच नाही. हसू आलं ते तोंड लपवत फिरणाऱ्या मोठ्या मुलाचं, नकुलचं. त्याची स्वतःची मैत्रीण आहे, पण आईबाबांचंही एकमेकांवर प्रेम असावं हे त्याला सोसत नाही. हसू आलं ते घरच्यांच्या लाजेचं आणि शेजाऱ्यांच्या कुजबुजीचं. अमित शर्मांच्या या 2018 च्या सिनेमात गजराज राव यांनी केलेला नवराही आईपुढे, पोरांपुढे ओशाळतो. मला तेच फार आवडलं. आपल्याकडे त्या बाईच्या नवऱ्याला पानठेल्यावर कोणी काही विचारतं का? दोघांचं मूल, आणि बोलणी एकटीने खायची!

लग्नघरातला प्रसंग गटाला पुन्हा दाखवा. घरातल्याच बाया त्या आईला, प्रियंवदेला टोमणे मारतात, तेव्हा तोवर स्वतःच कुरकुरणारी सासू तिच्या बाजूने उभी राहते. माझ्या आजारपणात हिनेच केलं, असं सगळ्यांसमोर सुनावते. सुरेखा सिक्रींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या गल्लीत त्या सासूसारखं बोलणारी एक तरी बाई हवी, आणि तुम्ही बोलायला लागलाच आहात.

चावट विनोदाला माझा विरोध नाही. मंडईच्या, म्हणजे आपल्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकात बाया पदर तोंडाला लावून हसतात, हसू देत. नाटकातलं पात्र पडदा पडला की सुटतं. या बाईला मात्र सकाळी त्याच बोरिंगवर, त्याच बायांमध्ये पाणी भरायचं असतं.

मी उपकेंद्रात नर्स होते, म्हणून हे कळकळीने लिहिते. चाळिशीतली एक बाई दिवस मावळल्यावर यायची. तपासणीचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवायची, सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून. पहिल्यांदा आली तेव्हा सातवा महिना लागला होता. पाय सुजलेले, बीपी वाढलेला. आधी का आली नाहीस विचारलं, तर म्हणाली, “लोकं हासतेत ना बाई.” पस्तिशीनंतरच्या गरोदरपणात बीपी आणि साखर वाढण्याचा धोका जास्त असतो. लवकर तपासलं तर बरंच सांभाळता येतं. लाजेपायी हेच महिने हातचे जातात. सिनेमा या धोक्यापाशी फारसा थांबत नाही, ही त्यातली उणीव मला जाणवते.

आणखी एक. सिनेमातली आई गर्भ ठेवायचं ठरवते, म्हणून तुमच्या शेजारणीनेही ठेवलाच पाहिजे असं नाही. तो निर्णय तिचा. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. पण तिला विचारताना एकटीला गाठा, गटात नको.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. रोवण्याचा एक दिवस बुडाला तरी चालेल, तुम्ही तिच्यासोबत जा. हिमोग्लोबिन, बीपी, साखर तपासून घ्या, सोनोग्राफी कधी करायची ते विचारा. आशाताईला आधी सांगून ठेवा. आणि तिच्या नवऱ्यालाही सोबत न्या, दवाखान्याच्या बाकावर त्यालाही तिच्या शेजारी बसू द्या.