आधीचा चेहरा पुसायचा नाही

प्रश्न : ताई, मी पेशवेकाळावर कादंबरी लिहितोय. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो दिवस. शनिवारवाड्यात कामाला असलेले नायिकेचे वडील, साधे कारकून, गारद्यांच्या तलवारीखाली सापडतात. कटात हात असलेल्या एका माणसाचा वाडा आनंदवल्लीला आहे. सूड घ्यायचा म्हणून नायिका ठरवून त्याच्या मुलाशी लग्न करते आणि पुढे त्याच्याच प्रेमात पडते. मित्र म्हणतात, प्रेमात पडली तर सूड कसला, आणि सूड घेतला तर प्रेम कसलं? दोन्ही शेवट लिहिले आणि दोन्ही फाडले. काय करू? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : शेवट फाडलेत ते बरं केलंत, कारण घोळ पहिल्याच प्रकरणात आहे. १७७३ साली तुमच्या नायिकेच्या घरातली मुलगी स्वतःचं लग्न ठरवणार कशी? आठव्या-नवव्या वर्षी अक्षता पडायच्या. स्थळ वडील, चुलते बघायचे, पत्रिका भटजी बघायचे. अठरा वर्षांची, बिनलग्नाची, मनात सूड घेऊन स्वतःहून वाड्यात शिरणारी मुलगी त्या काळात बसत नाही आणि वाचकाला ते पहिल्या दहा पानांत जाणवतं. पुढे तुम्ही पैठणीचं आणि नथीचं कितीही वर्णन करा, विश्वास उडालेला असतो.

म्हणून लग्न आधी होऊ द्या. वडील जिवंत असताना, त्यांनीच कर्ज काढून, हौसेनं लावून दिलेलं. पोर सासरी रुळू द्या. नवऱ्याबरोबर परसातल्या चिंचा पाडू दे, त्याच्याशी भांडू दे, त्याला ताप आला की सासूच्या नकळत उंबऱ्यापाशी घुटमळू दे. खून त्यानंतर होऊ द्या. आणि सासऱ्याचा त्यात हात होता हे तिला आणखी काही वर्षांनी कळू द्या, जेव्हा त्या घराशिवाय दुसरं घर तिला उरलेलं नसेल. प्रेम आधी, सूड नंतर. तुमच्या मित्रांचा प्रश्न मग आपोआप सुटतो, कारण दोन्ही एकाच बाईत एकाच वेळी राहतात.

मला हे कुठे उमगलं ते सांगते. आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपानाची, त्या शक राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःची छाप पुन्हा मारलेली. नहपानाला हरवल्यावर त्यानं ती वितळवली नाहीत, त्यावरच ठोकलं. तसं एक नाणं एका संग्राहकांनी माझ्या तळहातावर ठेवलं होतं. बोटाच्या पेराएवढं, कडा झिजलेली. वर सातकर्णीचा तीन कमानींचा डोंगर. मी खिडकीपाशी जाऊन ते तिरकं धरलं, तर त्या डोंगराच्या कडेनं नहपानाचं नाक आणि हनुवटी वर आली. जिंकणाऱ्याची छाप खोल होती, तरी हरलेल्याचा चेहरा पुरता गेला नव्हता. मी कितीतरी वेळ ते नाणं परत देईना.

तुमची नायिका अशी हवी. सूडाची छाप जोरात बसू द्या, पण वाचकानं पान जरा तिरकं धरलं की खालचा, चिंचा पाडणारा चेहरा दिसला पाहिजे.

आता प्रसंगांचं. भरल्या घरात दिवसाउजेडी नवराबायकोनं समोरासमोर बोलायची सोय नव्हती. ओसरीवर पुरुष, माजघरात बायका, मधे चौक. तुमचे दोघं पान पान भर संवाद बोलतात असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तो मोह आवरा. पाण्याचा तांब्या पुढे सरकवताना तिचा हात थांबला की नाही, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं. आणि उखाणा विसरू नका! नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढायचं नाही, पण हळदीकुंकवाला सगळ्याजणी हट्ट धरणार. सत्य कळल्यानंतरचं पहिलं हळदीकुंकू घ्या. बायका गोल करून बसल्यात, सासू समोर आहे, आणि हिला वडिलांच्या खुन्याच्या मुलाचं नाव यमकात गुंफून घ्यायचंय. घेते की नाही, कसं घेते, आवाज कुठे अडकतो, हे लिहा. तिथे खंजीर लागत नाही.

जागाही तुम्ही नकळत फार चांगली निवडलीत. आनंदीबाईंच्या नावाची आनंदवल्ली आणि गोपिकाबाई राहत होत्या ते गंगापूर, दोन्ही गावं आज आपण एकाच गंगापूर रोडवर रिक्षानं ओलांडतो. जिचा मुलगा मारला गेला ती आई एका गावात, आणि जिच्या नावानं बोट दाखवलं गेलं तिचं गाव नदीकाठानं थोडं अलीकडे. तुमच्या नायिकेला एकदा तरी गंगापूरच्या वाटेवर उभी करा.

अडतीस वर्षं मी पंचवटीत छोटं वाचनालय चालवलं. पुस्तकं मीच बांधायची, मोरचूद घातलेली खळ करून. बांधायला पुस्तक उसवलं की कुठली पानं जास्त हाताळली गेलीत ते लगेच कळतं, कोपरे काळे आणि मऊ झालेले असतात. प्रेम-सूडाच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत वधाचं प्रकरण बहुधा कोरं राहिलेलं असायचं. मळायची ती त्याच्या आधीची पानं, हातात विषाची वाटी आहे आणि तो झोपलाय, ती. लोक परत परत तिथेच जात होते. तुम्ही त्या पानांवर वेळ घालवा. वाटी पालथी होते की ओठाला लागते, हे तुम्हाला तिथे पोचल्यावर तीच सांगेल.

प्रश्न : अशा कादंबऱ्यांत शेवटी बाईच का क्षमा करते? पुरुषाचा सूड म्हणजे पराक्रम आणि बाईचा सूड म्हणजे कपट. वाचून चीड येते. — एक वाचक, इगतपुरी

उत्तर : मलाही येते. आपलं नाशिक तर शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून नाव सांगतं. प्रेम मागायला आलेली, चेष्टा होऊन विद्रूप झालेली बाई, आणि तिच्या सूडासाठी लढायला जातात ते खर-दूषण आणि रावण. तिच्या हाती फक्त गाऱ्हाणं. पुढच्या कितीतरी कथांनी हाच साचा घेतला. बाईनं एक तर दुसऱ्याकरवी सूड घ्यायचा किंवा पदर डोळ्यांना लावून माफ करायचं.

पण पांडवलेण्यांत जा. दहाव्या लेण्यात नहपानाच्या मुलीचा, दक्षमित्रेचा लेख आहे. उषवदाताची बायको म्हणून तिनं भिक्षूंसाठी एक खोली दान दिली, स्वतःच्या नावानं. तिथून थोडं चालून तिसऱ्या लेण्यात या. तिथे सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या कारकिर्दीतल्या एकोणिसाव्या वर्षाचा. आपल्या मुलाबद्दल त्यात म्हटलंय की त्यानं खखरात म्हणजेच क्षहरात वंश निरवशेष केला, म्हणजे दक्षमित्रेचं माहेर. आणि त्याच लेखात असंही कोरलंय की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. दोन्ही वाक्यं एकाच भिंतीवर! आईनं मुलाचा सूडही मिरवला आणि त्याची करुणाही, आणि दोन्हींत तिला काही विसंगत वाटलं नाही. मी पहिल्यांदा अर्थ समजून घेतला तेव्हा पुन्हा दहाव्या लेण्यापर्यंत मागे चालत गेले होते, त्या खोलीच्या दाराशी.

एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर नावं कोरलेल्या या दोघी. यांच्यातली क्षमा कोणी लिहिली नाही, आणि ती घाईनं लिहूही नये. तुम्ही लिहीत असाल तर दक्षमित्रेच्या बाजूनं लिहा. माझ्या वाचनालयात ती कादंबरी कधी आली नाही, मी वाट बघत होते.

प्रश्न : 'ध चा मा' कादंबरीत वापरला तर चालेल का? — तेच सिन्नरचे वाचक

उत्तर : 'धरावे'चं 'मारावे' झालं ही गोष्ट लोकांच्या तोंडी इतकी बसलीय की तुम्ही वगळलीत तर वाचकाला चुकल्यासारखं वाटेल. निवेदकाच्या तोंडी मात्र घालू नका, घडलेली गोष्ट म्हणून तर नाहीच. ती कुजबुज राहू द्या. आनंदवल्लीच्या त्या वाड्यात दुपारी मुदपाकखान्यातली स्वयंपाकीणबाई दुसरीला दबक्या आवाजात सांगतेय, आणि भिंतीपलीकडे कोठीत तुमची नायिका तांदूळ पाखडत बसलीय. सूप थांबलं की त्या दोघींना कळेल की कोणीतरी ऐकतंय. म्हणून ती पाखडत राहते.