स्टेट पेन्शन चालू असलेल्या वडिलांनी केअरर्स अलाउन्सचा अर्ज करावा का? (इंग्लंड)

तुमचे वडील ७४ वर्षांचे, लेस्टरला आईसोबत राहतात. आईला पार्किन्सन्स आहे, तिचं सगळं तेच करतात, तिला अटेंडन्स अलाउन्स (आजारपणात मदत लागणाऱ्या ज्येष्ठांना मिळणारा भत्ता) चालू आहे. या वयात, पेन्शन असताना केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला मिळणारा भत्ता) मागून उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग आहे, पण सरळ मार्गाने नाही.

वयाची वरची अट नाही. पूर्वी होती, पासष्टीनंतर नवा अर्ज चालत नसे. ती ऑक्टोबर २००२ मध्ये काढली. आठवड्याला किमान ३५ तास सेवा हवी, ती तर वडिलांची सहज भरते. अडतं ते पेन्शनपाशी. हा भत्ता आणि स्टेट पेन्शन, दोन्ही बुडालेल्या कमाईच्या बदल्यातले पैसे मानतात, म्हणून एकत्र देत नाहीत. इथले सगळे दर २०२५-२६ चे आहेत; त्या वर्षी भत्ता आठवड्याला ८३.३० पौंड होता. पेन्शन तेवढी किंवा जास्त असेल तर भत्ता शून्य, कमी असेल तर वरचा फरक तेवढा मिळतो. मला हे पटत नाही. पेन्शन आयुष्यभर भरलेल्या वर्गणीची, आणि रात्री तीनदा उठणं आजचं. पण नियम असा आहे.

तरी अर्ज कराच. उत्तर येईल की तुम्ही पात्र आहात, पण पेन्शनमुळे पैसे देता येत नाहीत. आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांचे फॉर्म मी भरून देतो. हे पत्र नकार समजून ड्रॉवरमध्ये टाकलेलं बऱ्याच घरांत सापडतं. ते नकाराचं नाही. त्याला ‘अंडरलाइंग एन्टायटलमेंट’ (पैसे न मिळताही मान्य झालेला हक्क) म्हणतात, आणि त्याच्या जोरावर पेन्शन क्रेडिटची, म्हणजे ज्येष्ठांचं कमी पडणारं उत्पन्न ठरावीक रकमेपर्यंत भरून देणाऱ्या मदतीची, मर्यादा आठवड्याला ४६.४० पौंडांनी वर सरकते.

समजा, दोघांची पेन्शन मिळून ३६५ पौंड आहे. जोडप्याची मर्यादा ३४६.६०, म्हणजे एरवी पेन्शन क्रेडिट नाहीच. पत्र आलं की मर्यादा ३९३ होते आणि आठवड्याला २८ पौंड सुरू होतात. आईचा अटेंडन्स अलाउन्स यात उत्पन्न धरत नाहीत. शिवाय पेन्शन क्रेडिट लागलं की काउन्सिल टॅक्समध्ये (घरपट्टीत) सवलत, आणि वडिलांची पंचाहत्तरी झाली की टीव्ही लायसन्सही फुकट. क्रेडिट आपोआप लागत नाही, अर्ज वेगळा करायचा. मागचे तीन महिन्यांपर्यंतचे पैसे मागता येतात, तेही फॉर्ममध्ये मागून घ्या.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा घोळ. भारतातून येणारी बँकेची किंवा सरकारी पेन्शन उत्पन्नात धरतात. पुण्यातला बंद फ्लॅट बचतीत धरतात, भाडं येत नसलं तरी. १०,००० पौंडांपर्यंतची बचत सोडून देतात, त्यापुढे दर ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न मानतात. फ्लॅट चांगल्या भागात असेल तर बहुधा क्रेडिट बसणारच नाही. लपवू मात्र नका, नंतर वसुली लागते.

आणि आईला अटेंडन्स अलाउन्सचा खालचा दर (७३.९०) मिळत असेल आणि आता रात्रीही उठावं लागत असेल, तर फेरतपासणी मागा, वरचा दर ११०.४० आहे. फक्त एक, फेरतपासणीत दर कमीही होऊ शकतो. फॉर्ममध्ये ‘तसं बरं चाललंय’ लिहू नका. वाईट दिवस कसा जातो ते लिहा, कोण कधी उठवतं, कोण भरवतं, सगळं. एज यूके या ज्येष्ठांसाठीच्या संस्थेची माणसं हे फॉर्म फुकट भरून देतात.