लसूणघासात लस नसते

प्रश्न : बाजारात एक जण ‘जनुक बदललेल्या’ लसूणघासाचं बी विकतो. हा घास खाल्ला की लाळ्या-खुरकूताचं इंजेक्शन लागत नाही, टोचल्यावर दूध घटतं तेही वाचतं, असं सांगतो. पेरावं का?

उत्तर : नाही. लसूणघासात लसूण नसतो, तशी लसही नसते. जनुक बदललेलं चाऱ्याचं एकही बियाणं आपल्याकडे मंजूर नाही. चोरट्या एचटीबीटी कापसाची (तणनाशक सोसणाऱ्या, मंजुरी नसलेल्या वाणाची) पाकिटं अशीच आली होती. त्याच्याकडे पक्की पावती आणि लॉट नंबर मागा, पुढच्या बाजारी तो दिसायचा नाही.

कल्पना खोटी नाही : रोगजंतूचं एखादं प्रथिन झाडातच तयार करायचं, म्हणजे ते खाऊन लसीचा गुण यावा. अर्जेंटिनात १९९९च्या सुमारास अशा घासाने लाळ्या-खुरकूतापासून संरक्षण मिळालं, पण उंदरांना. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बुळकांडी या गुरांच्या साथरोगासाठी तसा भुईमूग केला, तो खाल्लेल्या गुरांच्या रक्तात प्रतिपिंडंही (रोगाशी लढणारी प्रथिनं) आली. तरी २०११ साली बुळकांडी जगातून गेली ती टोचूनच. अडतं ते मात्रेवर. कुठल्या पेंढीत किती प्रथिन उतरलं, हे गोठ्यात मोजणार कोण? तेच प्रथिन रोज पोटात गेलं तर शरीर त्याच्याकडे दुर्लक्षही करू लागतं. म्हणून विक्रेता “गुण येत नसेल तर दुप्पट घाला” म्हणाला तरी ऐकू नका. ओला लसूणघास दुप्पट घातला की जनावर फुगतं. अशी फुगलेली जनावरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि पुढच्या पिकाचं, शेजाऱ्याचं काय? अमेरिकेत नेब्रास्का राज्यात डुकरांच्या हगवणीवरच्या लसीसाठी आदल्या हंगामात लावलेला मका २००२ साली सोयाबीनमध्ये उगवला. साडेतेरा हजार टनांच्या आसपास सोयाबीन नष्ट करावं लागलं.

लाळ्या-खुरकूताची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. वर्षातून दोनदा, कानात बिल्ला हवा. वासराला चौथ्या महिन्यात पहिली, महिन्याने दुसरी. दूध घटतं ते दोन-चार दिवस, रोग आला तर अख्खं वेत जातं. माझा आग्रह एकच : लसीआधी पंधरा दिवस जंताचं औषध द्या, तेही वजन बघून, दुकानदाराच्या अंदाजाने नव्हे. जंतांनी पोखरलेल्या जनावरात लस नीट उठत नाही. साथ गावात आल्यावर धावू नका, आजारी जनावर टोचून घेऊ नका, आणि दुकानाच्या फळीवर बर्फाविना ठेवलेली बाटली तर मुळीच नको.

बी घेऊन बसला असाल तर पेरू नका, फेकूही नका. पाकिटासकट तालुका कृषी कार्यालयात आणून द्या.