जेमिमाने मैदानात येशूचं नाव का घेतलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यानंतर जेमिमा रॉड्रिग्जने सगळ्यांदेखत येशूचे आभार मानले. परदेशातले फुटबॉलपटू आणि गायकही असंच करतात. ही माणसं आपला धर्म मैदानात आणि स्टेजवर का आणतात? देव काय एकाच संघाचा असतो का? आणि हरल्यावर यातलं कुणी देवाचं नाव घेताना का दिसत नाही?

मी नगरचा मराठी ख्रिस्ती. बरीच वर्षं शाळेत पीटीचा शिक्षक होतो आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतो. हा प्रश्न मला खेळाकडूनही भिडतो आणि गाण्याकडूनही, म्हणून जरा लांबलचक लिहितो आहे.

आधी एक शब्द सांगतो : साक्ष. आमच्याकडे उपासनेत किंवा कुणाच्या घरच्या प्रार्थनासभेत कुणीही उठून उभं राहतं आणि आठवड्यात काय घडलं ते सांगतं. पोराचा ताप उतरला, बदली थांबली, नवऱ्याची दारू सुटली. बोलणारा काही वक्ता नसतो, अडखळतो, मध्येच रडतो, शेवटी प्रभूचे आभार मानून खाली बसतो. याला साक्ष देणं म्हणतात. जे लहानपणापासून हे ऐकत वाढलं, त्याच्या पुढ्यात आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संध्याकाळी माईक आला, तर तोंडून काय निघणार? सवयीने, मनापासून, तेच निघणार. समोरच्याला ते भाषण वाटतं, प्रचारही वाटतो. आतून मात्र ते त्या प्रार्थनासभेतलं उठून उभं राहणं असतं.

आता ३० ऑक्टोबर २०२५ ची ती रात्र आठवा. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढा पाठलाग तोवर कुणी केलेला नव्हता. जेमिमा त्याच स्पर्धेत दोनदा शून्यावर बाद झाली होती आणि एका सामन्यासाठी संघाबाहेरही बसली होती. आपण तिसऱ्या क्रमांकावर जायचं हे तिला खेळायला उतरण्याच्या काही मिनिटं आधी कळलं. १३४ चेंडूंत नाबाद १२७ करून ती बोलायला उभी राहिली, तेव्हा तिने सांगितलं की हे माझ्या एकटीच्याने झालं नसतं. येशूचे आभार मानले. आई, वडील, प्रशिक्षक, सगळ्यांचे मानले. या दौऱ्यात आपण जवळजवळ रोज रडलो, मन ठिकाणावर नव्हतं, हेही सांगितलं. शेवटी अंगात त्राण उरलं नव्हतं तेव्हा शास्त्रातलं एक वचन म्हणत होते, म्हणाली : तू शांत उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल.

ते वचन बायबलमधल्या, म्हणजे आमच्या शास्त्रातल्या, निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातलं आहे. पुढे तांबडा समुद्र, मागे मिसरच्या राजाची, फारोची सेना, आणि मध्ये घाबरलेले, आपल्या पुढाऱ्याला, मोशेला बोल लावणारे लोक. मोशे त्यांना धीर देतो ती ही ओळ. म्हणजे हे जिंकणाऱ्यांनी मिरवायचं वाक्य नाहीच. पळायला वाट उरली नाही, अशा माणसासाठी ते आहे. तिच्या नावाचंही तसंच. ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावलेल्या त्या माणसाला शेवटी पुन्हा मुलंबाळं होतात. सात मुलगे, तीन मुली. मुलग्यांची नावं शास्त्राने दिलेली नाहीत. मुलींची तिन्ही दिली आहेत, आणि त्यांना भावांबरोबर वारसा मिळाला हेही आवर्जून नोंदवलं आहे. त्यांतली पहिली जेमिमा, आपल्या मराठी शास्त्रातली यमीमा.

त्या रात्री आभार मानल्याबद्दल समाजमाध्यमांवर तिला बोल लावले गेले, ते वाचून मला फार वाईट वाटलं. शतक झालं की आकाशाकडे पाहणारे, मैदानात पाऊल टाकताना मातीला नमस्कार करणारे, गळ्यातल्या ताईताला हात लावणारे खेळाडू आपण कायम पाहत आलो. ते आपल्याला आपलेच वाटतात, आणि वाटायलाच हवेत. तिचंही तसंच वाटावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आता देव एकाच संघाचा असतो का? शाळेत आंतरशालेय सामन्याआधी मुलं हात धरून गोल उभी राहायची. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, समोरच्यांनीपण प्रार्थना केली असंल तर?" मी त्याला म्हटलं, मग आज मैदानात कुणाला लागणार नाही. खरं उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं, पण आजही यापेक्षा चांगलं सुचत नाही. देवाने आम्हाला जिंकवलं, असं कुणी म्हटलं की मलाही अवघडल्यासारखं होतं. हरलेल्या पोरांत कुणाची श्रद्धा कमी होती का? पण आभार मानणं वेगळं. विजयाचा दावा सांगताना माणूस देवाला आपल्या बाजूला ओढतो. आभार मानताना तो स्वतः एक पाऊल मागे सरतो. जेमिमाचं वाक्य पुन्हा ऐका, ते दुसऱ्या जातीचं आहे.

आणि किंमत मोजून दिलेली साक्ष पाहायची असेल तर एरिक लिडेल बघा. स्कॉटलंडचा धावपटू, जन्म चीनमधल्या तिएनत्सिनचा, मिशनरी घरातला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली. रविवार प्रभूचा, त्या दिवशी धावणार नाही, असं त्याने सांगितलं. ही त्याची हुकमी शर्यत होती आणि देशभरातून दबाव आला. त्या रविवारी तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये उपदेश करत होता. पुढे ४०० मीटरमध्ये उतरला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. गोष्ट बहुतेक जण इथेच थांबवतात. मला पुढची जास्त आवडते. पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, तिथे शिकवलं, सेवा केली, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथल्या मुलांचे खेळ तोच घ्यायचा. फक्त रविवारी नाही. पण रविवारी आपापली हॉकी खेळताना पोरं हाणामारीवर आली, तेव्हा तोच लिडेल रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. ऑलिंपिकसाठी न मोडलेला नियम त्याने अडकून पडलेल्या पोरांसाठी मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ ला, सुटका सहा महिन्यांवर असताना, मेंदूतल्या गाठीने तो तिथेच गेला.

त्याच्याही आधी क्रिकेटमध्ये सी. टी. स्टड होता. १८८२ च्या ज्या ओव्हल कसोटीत इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ७ धावांनी हरलं आणि ॲशेसची कथा सुरू झाली, त्या इंग्लंडच्या संघातला. तीन वर्षांत बॅट ठेवून तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि वडिलार्जित संपत्ती वाटून टाकली.

पण सगळ्यांची वाट अशी सरळ जात नाही, आणि हेही तुम्हाला सांगायला हवं. तिहेरी उडीतला जोनाथन एडवर्ड्स पाळकाचा मुलगा. रविवारी स्पर्धा नको म्हणून त्याने १९९१ ची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. नंतर मन बदललं, रविवारी उतरू लागला. १९९५ मध्ये गोथेनबर्गला १८.२९ मीटर उडी मारली, तो विश्वविक्रम अजून उभा आहे. २००० साली सिडनीत सुवर्ण. आणि २००७ मध्ये त्याने जाहीर सांगितलं की आपला विश्वास आता उरलेला नाही. मी त्याच्यावर रागावत नाही. ज्या प्रामाणिकपणाने त्याने टोकियो सोडलं, त्याच प्रामाणिकपणाने हेही सांगितलं असं मला वाटतं. मात्र आमच्या तरुण मुलांना मी नेहमी सांगतो, विश्वास खेळाच्या खुंटीला टांगू नका. खेळ पस्तिशीला संपतो.

फुटबॉलमध्ये ब्राझीलच्या काका या खेळाडूचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००७ मध्ये अथेन्सला मिलानने लिव्हरपूलला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा आतल्या टी-शर्टवर आपण येशूचे आहोत अशी अक्षरं, आणि तो गुडघ्यांवर. अठराव्या वर्षी जलतरण तलावात पडून त्याच्या मानेचा मणका मोडला होता, चालणंही कायमचं बंद होऊ शकलं असतं. ती अक्षरं त्या माणसाची होती. आता नियमाने अंगावर धार्मिक, राजकीय किंवा वैयक्तिक संदेश दाखवता येत नाही. नियम सगळ्या धर्मांना सारखा असेल तर माझी तक्रार नाही. कपड्यावर लिहिलं नाही म्हणून काही अडत नाही.

कारण न बोलता दिलेली साक्षही असते, आणि आपल्या मातीत तीच जास्त आहे. ज्यांच्या नावाने हजारे करंडक खेळला जातो ते विजय सॅम्युअल हजारे सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती, हे किती जणांना माहीत आहे? त्या काळी मुंबईत पंचरंगी स्पर्धा व्हायची, संघ धर्मावर : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि उरलेल्यांचा 'रेस्ट'. ख्रिस्ती खेळाडू या 'उरलेल्यां'त. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५८१ वर डाव सोडला, रेस्ट पहिल्या डावात १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ झाल्या, त्यांत एकट्या हजारेंच्या ३०९. भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात विवेक यांच्या २१. एवढं करूनही डावाने हरले. धर्माच्या नावाने संघ पाडण्याची ती पद्धत १९४६ नंतर संपली, फार बरं झालं. पुढे १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर हजारेंनी दोन्ही डावांत शतकं केली, एका कसोटीत असं करणारे ते पहिले भारतीय. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कप्तान तेच. मैदानात त्यांनी कधी काही जाहीर केलं नाही. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव आदराने, जवळजवळ नातेवाइकाचं घ्यावं तसं घेतलं जायचं.

गाण्यातही अशी अबोल माणसं आहेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात एके काळी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा केवढा भरणा होता. गावच्या चर्चच्या शाळेत ही मुलं स्वरलिपी शिकायची, व्हायोलिन शिकायची, आणि तेच घेऊन मुंबईत यायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव अमर झालं. आपण सगळे ते नाव गुणगुणतो, पण त्या स्वरांमागची चर्चची शाळा कुणाला दिसत नाही.

चर्चची चाल बाहेर गेली, तशी बाहेरची चाल चर्चमध्ये आली, आणि त्यावरून भांडणंही झाली. आमच्याकडे पूर्वी इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर म्हणत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात आणलं. टाळ, मृदंग, पेटी घेऊन ख्रिस्ती कीर्तनं होऊ लागली. 'उपासना संगीत' उघडलं की आजही टिळक पानोपानी भेटतात. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत छापलं गेलं होतं. म्हणून लोकप्रिय संगीतात श्रद्धा आली की मला नवल वाटत नाही. लोक ज्या चालीत जगतात त्याच चालीत प्रार्थना करतात.

अमेरिकेत हेच थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकारांनी केलं. शिकागोत ते जॉर्जिया टॉम या नावाने ब्लूज वाजवायचे, चावट गाणीसुद्धा. तीच चाल चर्चमध्ये आणली तेव्हा कित्येक चर्चनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. आज ज्याला गॉस्पेल म्हणतात आणि ज्याच्यातून पुढे सोल संगीत निघालं, त्याचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. हरलेले देवाचं नाव घेताना दिसत नाहीत, कारण हरलेल्याच्या हातात माईक कमीच येतो. ऑगस्ट १९३२ मध्ये डॉर्सी सेंट लुईसला गायला गेले होते. तिथे तार आली : बाळंतपणात पत्नी गेली. घरी पोचले, पाठोपाठ बाळही गेलं. दोघांना एकाच शवपेटीत पुरलं. देवावर ते चिडले होते, आता पुन्हा ब्लूजच वाजवायचं, असंही त्यांच्या मनात आलं. काही दिवसांनी पियानोपाशी बसले तेव्हा एक जुनी चाल बोटांत आली आणि त्यावर शब्द आले : प्रभू, माझा हात धर, मी थकलो आहे. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी तेच गीत गायलं.

माझी आजी आजोबांच्या मातीनंतरच्या पहिल्या रविवारी उपासनेत उठून उभी राहिली होती. कुणी तिला उठ म्हटलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं सोबत दिलीस, म्हणाली, आणि पुढे बोलता येईना, तेव्हा तिने तिथेच टिळकांचा एक अभंग सुरू केला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, पेटीवर नुकताच बसू लागलो होतो. तिची पट्टी शोधायला मला पहिलं कडवं गेलं.