माझ्या मुलीच्या हृदयात जन्मतः छिद्र. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं तर मूल अभ्यासात मागे पडतं का?

बहुतेक मुलं मागे पडत नाहीत. त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेतच असतो. अडचण येते ती बारीक गोष्टींत. बोस्टनमध्ये 1988 ते 1992 या काळात महाधमन्यांची अदलाबदल (टीजीए, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्या जन्मतःच उलटसुलट जोडलेल्या) असलेल्या 171 तान्ह्या बाळांची ऑपरेशनं झाली आणि त्यांचा पुढे सोळाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला. आठव्या वर्षी सरासरी बुद्ध्यांक जवळपास इतर मुलांइतकाच होता, पण लक्ष टिकवणं, फळ्यावरची आकृती वहीत उतरवणं, हातच्याची गणितं मांडणं यात बरीच मुलं अडखळत होती आणि एक तृतीयांशाहून जास्त मुलांना जादा शिकवणी किंवा तत्सम मदत लागली होती. सगळा दोष भूल किंवा हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या) माथी मारू नका. अशा गंभीर दोषात गर्भातच मेंदूला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे जन्मतःच मेंदूची वाढ थोडी मागे असते. मात्र हे गंभीर दोषांबद्दल झालं. तुमच्या मुलीसारखं साधं छिद्र (व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र) वेळेत बंद केलं असेल आणि डाउन सिंड्रोमसारखा जनुकीय आजार नसेल, तर धोका बराच कमी. तरी एवढं करा:

- बोलणं, चालणं उशिरा वाटलं तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) तपासणी मोफत होते.
- शाळेत घालण्याआधी आणि साधारण तिसरी-चौथीत पुन्हा विकासाची चाचणी करून घ्या.