कंपाआधी आलेली उदासी

"मॅडम, अण्णांनी गारपिटीनंतर हाय खाल्ली, त्यातूनच हा आजार लागला का?" निफाडहून मुलगा आणि सून नाशिकला भेटायला आले, तेव्हा सुनेने हा प्रश्न विचारला. पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरचे लोक तो या ना त्या रूपात विचारतातच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अण्णा द्राक्ष बागायतदार. उजव्या हाताच्या कंपावरून निदान झाले. परंतु त्याआधी दोन वर्षे ते गोडी छाटणीलाही बागेत फिरकले नव्हते. "मनावर घेतलं तर अजून उठतील," असे मुलाचे ठाम मत होते.

हाय खाल्ल्याने पार्किन्सन होत नाही. या आजारात हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी नष्ट होतात हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र मेंदूच्या खोडातील राफे केंद्रकांत, म्हणजे पेशींच्या पुंजक्यांत, मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांनाही हा आजार ग्रासतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार, अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या गाठी अनेक रुग्णांत डोपामिनच्या केंद्राआधीच तिथे पोहोचतात. उदासीला एकटे सेरोटोनिन जबाबदार नसते, आणि गारपिटीचे दुःखही खोटे नव्हते. तरी कंप दिसण्यापूर्वी आलेली उदासी पुष्कळदा याच आजाराचा भाग असते. तिला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मुलाने सोबत आणलेल्या फवारणीच्या नोंदवहीत अण्णांचे अक्षर पानागणिक बारीक होत गेले होते, शेवटच्या ओळी तर मुंगीएवढ्या. अक्षर असे बारीक होत जाणे हेही याच आजाराचे लक्षण. तो पाने उलटत राहिला; पुढे 'मनावर घेण्या'चा विषय त्याने काढला नाही.

पुढच्या भेटीत अण्णांशी एकट्याने बोलले. या आजारात चेहरा मख्ख होतो, त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून उदासी ठरवता येत नाही, विचारावेच लागते. "इच्छाच होत नाही, आणि त्याची लाज वाटते," ते म्हणाले.

सुनेने ओळखीतून उदासीची गोळी मिळवून ठेवली होती. ती सुरू करू नका, असे मी स्पष्ट सांगितले. अण्णांना रासाजिलिन हे पार्किन्सनवरचे औषध सुरू होते आणि त्याच्यासोबत उदासीवरील काही औषधे घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढून ताप, घाम, गोंधळलेपणा आणि स्नायूंचा ताठरपणा येऊ शकतो. उदासीवर उपचार जरूर आहेत, पण औषधाची निवड न्यूरॉलॉजिस्टने चालू गोळ्यांची पूर्ण यादी पाहूनच करायची असते. मुलाने त्या यादीखाली अण्णांची झोप, भूक आणि बाग सुटल्याचा महिनाही लिहून घेतला.