आधी स्लॉटचा तक्ता वाच

लष्करी रेडिओ नेटवर्क संथ झालं की नवा माणूस लगेच जास्त बँडविड्थ मागतो. तू तसं करू नकोस. लिंक-१६ मध्ये, म्हणजे विमानं, जहाजं, वाहनं यांच्यात माहिती पोचवणाऱ्या लष्करी रेडिओ नेटवर्कमध्ये, सेकंदाला १२८ टाइम स्लॉट, म्हणजे संदेश पाठवायच्या ठरलेल्या पाळ्या, असतात, एकेक ७.८१२५ मिलिसेकंदांचा. ते कुणाला किती दिलेत, ते आधी बघ. जमिनीवर थांबलेल्या वाहनाला विमानाइतके स्लॉट कशाला?

आयपी रेडिओवर, म्हणजे इंटरनेटसारखी माहितीची पॅकेटं पाठवणाऱ्या रेडिओवर, नेहमीच्या टीसीपीवर विसंबू नकोस. टीसीपी म्हणजे पॅकेटं नीट पोचवायची इंटरनेटची पद्धत. सिग्नल तुटून पॅकेट हरवलं तरी टीसीपीला वाटतं वाट तुंबलीय, आणि तो वेग आणखी कमी करतो. या गोष्टीने माझ्या कितीतरी रात्री खाल्ल्यात. ठावठिकाण्याचा हुकलेला संदेश पुन्हा पाठवूच नकोस, ताजा पाठव.

एका सरावात धोक्याचा इशारा एका फोटोमागे रांगेत अडकलेला मी पाहिलाय. तेव्हापासून प्राधान्याच्या रांगा मी स्वतः तपासतो.